तिसऱ्या हाकेला ओ

कमळाबाई मला अजूनही तीनदा हाक मारते. "लता. लता. लता." मी पहिल्याच हाकेला वळले, समोर जाऊन उभी राहिले, तरी उरलेल्या दोन ती मारणारच. तिन्ही पुऱ्या झाल्याशिवाय तिच्या तोंडून पुढचं वाक्य निघत नाही. हरसूलच्या बाजारात कांदेवाल्याला तीनदा, एसटीच्या कंडक्टरला तीनदा, घरात नवऱ्याला तीनदा. बाजारातली टवाळ पोरं तिला 'तीन हाकांची बाई' म्हणतात. त्यातल्या निम्म्यांची नाकं तिने पुसली आहेत. एकाला मी भर बाजारात कान धरून विचारलं होतं, "तुझ्या चड्डीची नाडी कोण बांधायचं रे, विसरलास का?" तेव्हापासून माझ्यासमोर कोणी म्हणत नाही. माझ्या पाठीमागे म्हणत असतील, त्याला माझा इलाज नाही.

ती आधी अशी नव्हती. अशी का झाली ते मी सांगते, कारण मी तिथे होते, आणि बाकीचे सांगतात त्यात तिखटमीठ फार.

मी मूळची पंचवटीची. वडिलांचा भाजीबाजारात गाळा, माझं लहानपण कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात गेलं. लग्न झालं आणि हरसूलला येऊन पडले. नवरा वाल्मीक, त्याची पिठाची गिरणी. पहिलं वर्षभर मी रोज माहेरच्या नावाने रडायचे. इथे ना घाट, ना गर्दी, ना कोणाशी भांडायची सोय. मग त्र्याण्णव साली जवळच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या बालवाडीत खिचडी शिजवायला बाई पाहिजे असं कळलं, आणि गिरणीच्या धुरळ्यातून सुटका म्हणून मी गेले. तिथे कमळाबाई शिकवायची.

काळीसावळी, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. सातवी शिकलेली, याच डोंगरात जन्मलेली. नवरा हिरामण भात-नागलीची शेती करायचा, मुलगी पेठकडे दिलेली. पहिल्या दिवशी तिने मला दोनच प्रश्न विचारले. "खिचडी शिजवता येती?" येते म्हटलं. "पोरांच्या मागं पळता येतं?" मी म्हटलं, मी पंचवटीत गाईंच्या मागे पळालेली आहे, गाई कोथिंबीर खायच्या. ती हसली. तेव्हा तिचं हसणं पाड्याच्या खालच्या अंगापर्यंत ऐकू जायचं.

फाल्गुन लागला की कमळाबाई बालवाडीला कुलूप लावायची आणि पोरांना रानात घेऊन जायची. मला आधी वाटलं, हिला भिंतींचा कंटाळा आला म्हणून. नंतर कळलं. भात झोडून झाला की पाड्यावरची धडधाकट माणसं निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जातात. जीप भरभरून जातात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि शाळेच्याही वयाची न झालेली पोरं. ती पोरं दारात बसून जीपच्या रस्त्याकडे बघत असतात. जेवत नाहीत, खेळत नाहीत, नुसती बघतात. "घरात ठेवली की झुरतात," ती म्हणायची. "रानात नेली की विसरतात. संध्याकाळपुरती तरी विसरतात."

मग आमची वरात निघायची. पुढे कमळाबाई, मध्ये पोरं, मागे मी, डोक्यावर पातेलं. पाड्याच्या वरच्या अंगाला एक राई होती. मोह, ऐन, पळस, मधेच काटेसावरीची उंच झाडं, आणि पलीकडे एक मोठी काळी धोंड. तिथे पोरं पळसाची पडलेली फुलं वेचायची आणि मी ती चुलीवर उकळायची, रंगपंचमीसाठी. मी त्यांना सांगायचे, आमच्या पंचवटीत रहाड असते, जमिनीतला मोठा हौद, त्यात असाच फुलांचा रंग करतात आणि माणसं धप्पकन उड्या मारतात. पोरांना ते खोटं वाटायचं. एक पोरगी म्हणाली होती, एवढ्या रंगाला एवढं पातेलं कुठून आणतात?

कमळाबाई एकेकाचे डोळे फडक्याने बांधायची आणि झाडापाशी नेऊन उभं करायची. हात लावून सांगायचं, कुठलं झाड. ऐनाची साल खरबरीत, चिरा पडलेली. सावरीला काटे, तिथे ती पोरांचं बोट स्वतःच्या हातात धरायची. मोहाखाली उभं केलं की पोरं हात न लावताच ओरडायची, वासावरून. कधी ती सगळ्यांना गप्प बसवायची आणि तांबट पक्षी कुठल्या बाजूला टुकटुक करतो त्या दिशेला बोट करायला लावायची. कोशिंबाला तांबडी पालवी आली की ती पोरांच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, हळू धरा, तान्हं हाय ते. मी चुलीपाशी बसून हे बघायचे, आणि खरं सांगते, पंचवटीची आठवण मला तिथेच पहिल्यांदा कमी झाली.

आणि मग हाकांचा खेळ. तो नीट सांगायला पाहिजे.

या डोंगरात एक रीत आहे. रानात कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच द्यायची. आमच्याकडेसुद्धा दिवेलागणीनंतर एका हाकेला ओ देऊ नये असं म्हणायचे, पण ते म्हणण्यापुरतं. इथे पाळतात. मी कमळाबाईला विचारलं, "रानात हाक मारणारं असतं तरी कोण?"

"असतं एकेक," ती म्हणाली. "ते आपलं नाव घेतं, आवाज बी आपल्या माणसाचा काढतं. पण एकदा बोलावतं, लय तर दोनदा. तिसरी हाक त्याला येत नाय. तिसऱ्यांदा फकस्त आपलं माणूस बोलावतं."

त्याचाच तिने खेळ केला होता. ती झाडाआड लपायची आणि एखाद्याचं नाव घ्यायची. पहिल्या हाकेला पोरांनी तोंडावर हात ठेवायचा. दुसऱ्या हाकेलाही तसाच, कितीही हसू आलं तरी. तिसरी हाक आली की सगळ्यांनी मिळून "ओ" करायचं आणि आवाजाच्या दिशेने पळत जाऊन बाईला शोधून काढायचं. पोरांचे कान तयार होतात, ती म्हणायची. शिवाय रीतही अंगवळणी पडते. एका दगडात दोन पक्षी.

या खेळात केरूला कोणी हरवू शकलं नाही. बायडाबाई आणि मंगळू यांचा हा मुलगा. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव केरू ठेवलं. केरकचऱ्याच्या नावाचं पोर, वरच्याची नजर त्याच्यावर जायची नाही, असा हिशेब. पाच वर्षांचा, कानांनी मोठा, अंगाने काडी. बाकीची पोरं पहिल्याच हाकेला फसायची, केरू कधीच नाही. एकदा तो आजीबरोबर गिरणीवर आला होता. मी म्हटलं, केरू, गूळ घे. त्याने डावा हात तोंडावर ठेवला आणि नुसता बघत राहिला. मी म्हटलं, अरे केरू. तरी गप्प. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा "ओ" म्हणाला आणि हात पुढे केला. मला इतकं हसू आलं की मी त्याला गुळाचे दोन खडे दिले.

सत्त्याण्णव सालचा फाल्गुन. होळी झाली होती, रंगपंचमीला अवकाश होता. बायडाबाई आणि मंगळू निफाडला बागेवर. आम्ही राईत होतो. मी पळस उकळत होते, कमळाबाई एका मुलीचे डोळे बांधत होती, बाकीची पोरं सावरीची फुलं गोळा करायला इकडेतिकडे पांगली होती. रोजच्यासारखंच सगळं. खिचडी वाढायला घेतली तेव्हा केरू आला नाही.

आधी आम्हाला वाटलं लपलाय. मग कमळाबाईने हाक मारली, मग मी. मग तिने मला पोरं घेऊन खाली पाठवलं आणि पाड्यावरची होती नव्हती ती माणसं वर आली. म्हातारा कोंडाजी, बाया, आजारी म्हणून मागे राहिलेले दोघे-तिघे पुरुष. मी पोरांना पोचवून परत वर गेले तेव्हा राई नुसती हाकांनी भरली होती. "केरूऽ" इकडून. "केरूऽ" तिकडून. प्रत्येक जण एक हाक मारायचा, कान द्यायचा, काही आलं नाही की चार पावलं पुढे जायचा आणि तिथून पुन्हा एक. असंच शोधतात माणसं. कमळाबाईचा घसा बसला होता, तीही तसंच करत होती. एक हाक, पुढे. एक हाक, पुढे. अंधार पडेपर्यंत आम्ही शोधलं आणि केरूने ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या भागीबाईला तो दिसला. काळ्या धोंडेमागे एक घळ आहे, वरून करवंदीची जाळी. घळीत घसरला असणार. पायावर सापाच्या दातांचे दोन ठिपके, पाय सुजलेला. शेजारी दगडावर सावरीची फुलं ओळीने मांडलेली, म्हणजे तो तिथे बराच वेळ बसला होता. खेळत होता. आणि आदल्या दिवशी त्या घळीच्या काठावरून आम्ही सगळे गेलो होतो, नाव घेत घेत.

त्याचा डावा हात तोंडावर होता.

कोंडाजीने तो हात खाली घेतला. तो पुन्हा पुन्हा वर येत होता, कडक झाला होता ना. कमळाबाई बाजूला उकिडवी बसून ते बघत होती. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, इतकं हळू की मीच फक्त ऐकलं, "त्याला कोणीच तीनदा नाय बोलावलं गं."

मला तेव्हा ते नीट समजलं. सगळं एकदम समजलं. पोर घळीत बसलंय, चहूबाजूंनी वेगवेगळ्या आवाजांत त्याचं नाव ऐकू येतंय, पण प्रत्येक आवाज एकदाच येतो आणि निघून जातो. बाईंचा आवाजसुद्धा एकदाच येतो. मग ते बाई कसं असेल? त्याला शिकवलं होतं तसंच तो वागला. खेळ तो कधी हरत नव्हता.

हरसूलच्या एसटीडीवरून निफाडला बागायतदाराच्या घरी फोन केला होता. दुपारी जीप आली. बायडाबाईच्या लुगड्याला बागेतल्या औषधाचा वास येत होता. तिने पोराला मांडीवर घेतलं. मग मान वर न करता तिने विचारलं, "एवढी माणसं हाका मारीत होती, मंग यानं ओ का नाय दिली?"

कमळाबाईचे ओठ हलले. मी तिच्या शेजारी होते, मी बघितलं, शब्द पार दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात कोंडाजी म्हणाला, "सापाच्या इखानं जीभ जड होते, बाय. त्याला ओ द्याया जमलंच नसंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. कमळाबाईचा शब्द आत गेला तो गेलाच.

त्यानंतर ती सगळ्यांना तीनदा हाक मारायला लागली.

पुढच्या वर्षी फाल्गुनात बालवाडीचं दार उघडंच राहिलं. तिने पोरांना रानात नेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आत बसून पोरं दाराकडे बघायची, आणि ती खिडकीतून राईकडे. ऐन दुपारी, वारा पडला की ती शिकवता शिकवता थांबायची. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "ऐकू येतं."

"काय ऐकू येतं? ओ?"

"ओ नाय. ओ दाबून धरलेली. हाताच्या मागं."

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, अशाने वेड लागेल तुला, असलं काही नसतं. मी पंचवटीत वाढले, दहा पावलांवर देऊळ आणि दर देवळात अंगात येणाऱ्या बाया, पण माझा कशावर विश्वास बसला नाही. पण त्या दिवशी घरी आले, वाल्मीकने गिरणीचा पट्टा काढला, आणि एवढा आवाज एकदम बंद झाल्यावर जी शांतता पडते तिच्यात मला वाटलं, कोणीतरी शेजारी उभं आहे आणि बोलत नाही. मी दिवा लावला. आणि अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलाला तीनदा हाक मारली. तेव्हापासून मीही त्याला संध्याकाळी तीनदाच बोलावते, हसायचं त्याने हसावं.

दर फाल्गुनात कमळाबाई एकटी घळीवर जायची. एकदा मी तिच्यामागून गेले. ती काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "केरू. केरू. केरू." मग कान देऊन उभी. पळस भडक फुलला होता, पाखरं कलकलत होती. घळीतून काही आलं नाही. मग ती मागे वळून मला म्हणाली, "माझं नाय चालत त्याला. मी त्याचं माणूस नाय राहिले."

आणि बायडाबाई? ती कमळाबाईला बघितलं की रस्ता बदलायची. बाजारात समोरासमोर आल्या तर ही खाली मान घालायची, ती पाठ फिरवायची. पाड्यावर सगळ्यांना वाटायचं, पोर बाईंच्या ताब्यात असताना गेलं म्हणून बायडाबाईच्या मनात अढी आहे. कमळाबाईलाही तेच वाटायचं. "तिला खरं ठाऊक नाय तरी एवढा राग," ती म्हणायची. "ठाऊक झालं तर?"

सहा वर्षं अशी गेली. दोन हजार तीन साली, माघाच्या अखेरीस, बायडाबाई बालवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. कमरेवर पोरगी. केरूच्या मागून झालेली, चार वर्षांची सविता. तिने पोरीला खाली उतरवलं आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाई, आम्ही होळीनंतर निफाडला जाणार. म्हातारीला आता दिसत नाय. हिला तू सांभाळ. आणि घरात नको बसवू, रडती. रानात नेत जा. केरूला रान लय आवडायचं."

एवढं बोलून ती पोरीला पुन्हा कमरेवर घेऊन निघून गेली. कमळाबाई पांढरीफटक पडली होती.

संध्याकाळी ती गिरणीवर आली. "लता. लता. लता." मी पट्टा थांबवायला सांगितलं. ती जात्यापाशी पिठात बसली, लुगडं पांढरं झालं तरी उठेना. म्हणाली, "मी तिला सांगणार."

आमचं तिथे जुंपलं. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय का? सहा वर्षांनी सांगून काय मिळणार? पोर परत येणार आहे? ती बाई कशीबशी सावरली आहे, तिच्या काळजात पुन्हा सुरी फिरवायची? आणि पाड्याला कळलं तर एक पोर तुझ्याकडे राहायचं नाही. बालवाडी गेली की तू काय करणार, घळीवर जाऊन बसणार?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती माझ्या हातात दुसरं पोर देती हाय. पहिलं कसं गेलं ते न कळता देती. असं पोर मला घेता येत नाय, लता. तिनं सगळं ऐकावं आणि मंग द्यावं. नाय तर घेऊन जावं."

मी तिला हात देऊन उठवलं आणि तिच्या लुगड्यावरचं पीठ झटकलं.

जीप दुपारी सुटणार होती त्या दिवशी सकाळी कमळाबाईने बालवाडीला कुलूप लावलं. सहा वर्षांनी. पोरं पुढे, मी मागे, डोक्यावर तेच पातेलं. बायडाबाईला तिने निरोप धाडला होता, पोर सोडायला वरपर्यंत ये म्हणून. ती आली. सगळा चढ सविताच बडबडत होती, हे काय, ते काय. राईत पोचलो तर पळसाखाली नुसता सडा. पोरांना सांगावं लागलं नाही, ती तुटून पडली. मी चूल मांडली, पण पेटवली नाही. माझं सगळं लक्ष त्या दोघींकडे होतं.

कमळाबाई बायडाबाईला काळ्या धोंडेपाशी घेऊन गेली. मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभी राहिले. आगाऊपणा म्हणा हवं तर. पण काही वेडंवाकडं झालं तर मध्ये पडायला कोणीतरी पाहिजे होतं.

कमळाबाईने लांबण लावली नाही. "बायडा, कोंडाजी बोलला ते खरं नाय. केरूला ओ देता येत होती. त्यानं दिली नाय. रानात तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, हे मी त्याला खेळात शिकवलं होतं. आणि त्या दिवशी मीच विसरले. मी एकेकदा बोलावलं. सगळ्यांनीच एकेकदा बोलावलं. तो ऐकत बसला असंल, हात तोंडावर धरून. मी शिकवला होता तसा."

बायडाबाई घळीकडे बघत होती. मला वाटलं ती आता कमळाबाईच्या झिंज्या धरणार. मी दोन पावलं पुढे गेले.

"तू शिकवलं?" ती म्हणाली. "तू कुठं शिकवलं, बाई?"

आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"तो चालायला लागला तवापासून मी शिकवलं. दोन पोरं गेली माझी. हे तिसरं मी कुणाला देणार नव्हते. दरवर्षी बागेवर जाताना त्याला मांडीवर घेऊन सांगायची, आई नसताना कुणी बोलावलं तर ओ द्यायची नाय. तोंडावर हात धर. तिसऱ्यांदा बोलावलं तर समज आई आली. हात धरायचा मी शिकवला. डावा. उजव्यात भाकर असायची म्हणून डावा. तुझ्या खेळात तो जिंकायचा, ते कशामुळं वाटलं तुला?"

कमळाबाई धोंडेला हात टेकून उभी होती.

"मी मांडीवर घेतला तवा तो हात वर यायचा," बायडाबाई म्हणाली. "मला तवाच कळलं. तरी विचारलं, कुणी दुसरं काय सांगंल म्हणून. सहा वरसं मी तुझ्या डोळ्याला डोळा नाय दिला. वाटायचं, तुला ठाऊक हाय. तू विचारशील, बायडे, असं कसं शिकवलंस पोराला, आम्ही घसे फोडीत होतो."

सहा वर्षं. एक खाली मान घालत होती, दुसरी पाठ फिरवत होती, आणि दोघी एकच हात बघत होत्या. मला रडू आवरेना. पदर तोंडात कोंबला आणि लगेच काढला, त्या जागी तसं करवेना.

मग बायडाबाई म्हणाली, "तुम्ही एकेकदा तरी बोलावलं. मी तर नायच बोलावलं. मी तिकडं द्राक्षं तोडीत होते."

ती घळीच्या काठावर गेली. करवंदीला पांढरी फुलं आली होती, ती तिने हाताने बाजूला सारली. आणि हाक मारली. पोर अंगणात खेळत असताना जेवायला बोलवावं तशी, ना मोठी, ना रडवेली.

"केरू."

मागे राईत पोरांचा कलकलाट थांबला. मी वळून बघितलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कमळाबाईने सहा वर्षांत तो खेळ कोणाला शिकवला नव्हता. पण रीत घराघरात आहेच. फुलं हातात धरून ती सगळी उभी होती, तोंडं मिटलेली.

"केरू."

पान हललं नाही. सविता आईच्या पाठीकडे टक लावून बघत होती.

"केरू."

"ओ," सविता म्हणाली. आईचा आवाज होता, तीनदा आला होता, मग नाव कोणाचं का असेना. आणि तिच्यामागून सगळी पोरं एका सुरात, "ओऽऽ."

पोरांची ओ विरली. आणि मग, सगळ्यांच्या नंतर, घळीतून एक ओ आली.

घळीतून आवाज परत येतो, हे मला माहीत आहे. मला कोणी समजावायला येऊ नये. पण पोरं सगळी मिळून ओरडली होती, आणि परत आली ती एकट्याची होती. बारीक. नुकताच हात काढलेल्या तोंडाची.

कमळाबाई खाली बसली. तिने ती ऐकली, हे तिचा चेहराच सांगत होता. बायडाबाई मात्र दचकली नाही. ती घळीकडे बघून म्हणाली, "चल रं आता. लय उशीर झाला."

मग ती माघारी वळली. कमळाबाईच्या खांद्यावर तिने क्षणभर हात ठेवला आणि म्हणाली, "सविता दुपारी झोपती, तिला उठवू नको." सविताला म्हणाली, चल, खालपर्यंत सोडायला ये, बाईंबरोबर परत ये. आम्ही सगळे उतरायला लागलो. बायडाबाई पुढे चालत होती. उजव्या हातात सविताचा हात होता. डावा हात तिने जरा खाली सोडला होता, अंगापासून थोडा दूर, बोटं अर्धी मिटलेली. मी मागून ते सगळा उतार बघत राहिले.

वाटेत एका ठिकाणी करवंदीच्या काट्या आडव्या पडल्या होत्या. तिथे तिने सविताला उचलून पलीकडे ठेवलं. मग तो डावा हात थोडा वर घेतला, काट्या ओलांडल्या, आणि पुन्हा खाली सोडला.